शिवलीलाचा उजवा हात

मी बेसबॉल शिकवायची. मुरुमसारख्या गावात. हे वाक्य लग्नकार्यात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून गप्प होतो आणि शेवटी विचारतो, "म्हंजे क्रिकेटसारखंच ना ते?" एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली, त्यातली अठरा ह्या खेळात गेली, आणि माझ्या सख्ख्या जावेला अजून वाटतं की मी पोरींना बॅडमिंटन शिकवत होते. सांगून सांगून दमले, आता मीही व्हय म्हणून सोडून देते.

दिवाळी अंकासाठी "नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा" असा निरोप आला. गमती पुष्कळ आहेत. पण वही घेऊन बसले की एका पोरीचा हात डोळ्यांपुढं येतो आणि बाकी काही सुचत नाही. म्हणून गमती आधी उरकून घेते.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. मैदानावर चौकोनात चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. मधे मातीचा उंचवटा, त्यावर पिचर. तिनं पळत यायचं नाही, जागेवरूनच, खांद्यावरून हात फिरवून, टप्पा न पाडता चेंडू टाकायचा. समोर बॅटवाली, तिच्या मागं तोंडाला जाळी बांधून उकिडवी बसलेली कॅचर. बॅटवालीनं चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं, चारही बेस शिवून परत यायचं, झाला एक रन. आणि मारण्याजोगे तीन चेंडू तिचे हुकले की ती बाद. पिचर चांगली असेल तर बाकीच्या आठजणी निम्म्या वेळी नुसत्या उभ्या असतात. त्यामुळं सगळ्यांना पिचर व्हायचं असतं, आणि सगळ्या आईबापांना आपली पोर पिचरच पाहिजे असते.

सुरुवातीला असं नव्हतं. आमचा जिल्हा खो-खोचा. बेसबॉलचा ग्लोव्ह बघून एका आजोबांनी मला विचारलं होतं, "बाई, ह्यो हात भाजू नये म्हणून का?" पहिली पाच-सहा वर्षं पालक मैदानावर यायचे ते पोरीला ओढून न्यायला. "तिकडं सोयाबीन काढायला माणूस मिळंना, अन् तुमी हिला चेंडू खेळवायलाव!" मी घरोघर जाऊन हात जोडायची. एका पोरीच्या वडिलांनी तर मला बसायला पाटही दिला नाही, दारातच उभं ठेवलं.

मग आमच्या टीमची एक पोरगी खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागली. गावात हलगी वाजली, गुलाल उडाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले तर पोरींच्या आधी पालक हजर. शेजारच्या गावचा एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्या खेळात राज्यात टीमा किती असत्यात?"

"का हो?"

"न्हाय, खो-खोत लई गर्दी हाय. गल्लोगल्ली खेळाडू. हितं चान्स बरा दिसायलाय."

मला राग आला, पण माणूस खरं बोलत होता.

त्यानंतर काय काय बघितलं! एक वडील स्वतःची शिट्टी घेऊन यायचे. मी फुंकली की तेही फुंकायचे, पोरी बिचाऱ्या दोन-दोनदा थांबायच्या. दुसरे एक, त्यांची पोरगी बॅट घेऊन असो की झेल घ्यायला उभी असो, एकच ओरडायचे, "हाण!" एक आई दर पंधरा मिनिटांनी पोरीला ताक पाजायला थेट मैदानात. बेसवर उभ्या पोरीला ताक! मी किंचाळले तर म्हणते कशी, "तुमचं चालू द्या मॅडम, आमचं दोन मिंटाचं काम हाय."

आणि पोरींचाही ताठा असायचा. एक ऋतुजा नावाची होती, गुत्तेदाराची लेक. हात चांगला, डोळा चांगला. पण सराव संपल्यावर बॅटांची पिशवी पाळीपाळीनं उचलायची असते, ती उचलेना. "मी काय हमाली करायला आले न्हाय," म्हणाली. संध्याकाळी वडील आले, तेही हेच वाक्य म्हणाले, शब्दात फरक नाही. मी तिला आठ दिवस बाहेर बसवलं. नवव्या दिवशी तिनं पिशवी उचलली, आणि पुढं माझी चांगली खेळाडू झाली. वडील मात्र वर्षभर मला बघून रस्ता बदलायचे. ह्या ऋतुजामुळं मला एक खोड लागली. मला वाटायला लागलं की पोरीचा माज आपल्याला लांबूनच ओळखू येतो.

झाल्या गमती. आता शिवलीला.

आमच्या शाळेत जिल्हा संघाचं शिबिर होतं, दिवाळीच्या सुट्टीत, पंधरा दिवसांचं. सोळाजणी निवडून राज्य स्पर्धेला न्यायच्या. पालकांचा वैताग इतका झाला होता की मी त्यावर एक तोड काढली होती. मैदानाभोवती फक्कीची पांढरी रेघ मारली आणि सांगून टाकलं, पालकांनी रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. पण नुसतं बाहेर काढलं तर ऐकणार कोण? म्हणून त्यांना घरचं काम दिलं. प्रत्येक पोरीला एक सराव वही. शिबिराच्या दोन महिने आधीपासून वही सुरू. रोज घरी पन्नास चेंडू टाकून घ्यायचे, आकडा लिहायचा, खाली पालकांची सही. दर शनिवारी मी वह्या तपासायची, लाल पेनानं शेरा मारायची, आणि ज्या पोरीचा आकडा मोठा तिचं नाव सगळ्यांसमोर वाचून दाखवायची.

काय खूश होते मी स्वतःवर! पालक गप्प बसले. रेघेबाहेर उभं राहून एकमेकांना वह्या दाखवायला लागले. दुसऱ्या तालुक्यातल्या सरांनी माझ्याकडून ती वहीची पद्धत लिहून नेली.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे पन्नास होते. दुसऱ्यात कुणाचे साठ, कुणाचे पंच्याहत्तर. तिसऱ्यात शिवलीलाचे शंभर.

शिवलीलाचे वडील मल्लिनाथ. गावात त्यांची पिठाची गिरणी. माणूस गरीब स्वभावाचा, कधी आवाज चढवला नाही. मैदानावर यायचे ते गिरणीतूनच, भुवयांवर पीठ तसंच. थोरली मुलगी दहावीनंतर लगेच दिली होती आणि तिचं काही बरं चाललं नव्हतं. धाकटीला तरी पायावर उभं करायचं हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. गिरणीच्या मागच्या भिंतीला त्यांनी एक जुनं टायर टांगलं. शिवलीलानं टायरमधून चेंडू घालायचा, आणि मल्लिनाथ दर चेंडूला ज्वारीचा एक दाणा ह्या वाटीतून त्या वाटीत टाकायचे, मोजायला चूक नको म्हणून. वहीतला आकडा त्यांचा अगदी खरा असायचा. बाकीचे थापा मारायचे हे मला माहीत होतं. मल्लिनाथला थाप मारता यायची नाही. म्हणून जेव्हा दुसऱ्या एका पालकानं वहीत खोटे दीडशे लिहिले, तेव्हा मल्लिनाथनं लेकीकडून खरे दोनशे टाकून घेतले.

शिवलीला उंच, हडकुळी, अबोल. हात मात्र असा फिरायचा की बघत राहावं. अठरा वर्षांत मला असा हात दुसरा दिसला नाही.

शिबिर सुरू झालं आणि चार-पाच दिवसांत मला तिच्यात फरक दिसायला लागला. पिचिंग जोरात, पण बाकी वेळी चेंडू शेजारणीकडं द्यायचा तर खालून, नुसता ढकलल्यासारखा. कुणी चांगला झेल घेतला तर सगळ्या टाळ्या वाजवायच्या, ही नाही. पिशवी उचलायची वेळ आली की नेमकी पाणी प्यायला गेलेली. शेवटी आम्ही गोल करून उजवा हात वर करून जिल्ह्याच्या नावाचा जयजयकार करायचो, त्यात ही हात मांडीवर ठेवून उभी. पोरी कुजबुजायला लागल्या, "लई माज आलाय हिला." आणि मी तर माज ओळखण्यात तरबेज!

सहाव्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिला झापलं. "शिवलीला, हात वर करायला जड झाला का? पिचर झालीस म्हणून आभाळाला हात लागले?"

तिनं डावा हात वर केला. पोरी हसल्या. मला वाटलं, माझी टिंगल करतेय.

"मैदानाला दहा चकरा. आत्ता."

ती पळाली. उजवा हात पोटाशी धरून पळाली. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, पळतानाही नखरा बघा हिचा. रेघेबाहेर मल्लिनाथ उभे होते. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरी जरा लाड कमी करा." ते नुसतं "व्हय मॅडम" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सानिया माझ्याकडं आली. सानिया म्हणजे आमची कॅचर, शिवलीलाचा प्रत्येक चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये यायचा. ती हळूच म्हणाली, "मॅडम, शिवलीला डाव्या हातानं जेवायलीय. पोरी तिला नावं ठेवायल्यात."

मी गेले. पोरी लिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. शिवलीला सगळ्यांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसली होती. भाकरी एका हातानं मोडत नाही म्हणून तिनं ती आमटीत बुडवून ठेवली होती आणि डाव्या हातानं खात होती. चोरी केल्यासारखी. मी तिचा उजवा हात धरला तर ती कळवळली. बाही वर केली. कोपराच्या आतल्या अंगाला बिब्ब्याचे काळे डाग, एकाशेजारी एक, काही जुने, काही ताजे, फुगलेले. आमच्याकडं दुखऱ्या जागी बिब्बा तापवून लावतात. कातडी भाजते, आणि दुखणं गेलं असं समजायचं.

"कुणी लावलं हे?"

"अव्वानं." म्हणजे तिच्या आईनं.

"कधीपासून दुखतंय?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"अगं, मग सांगितलं का नाहीस मला?"

ती माझ्याकडं बघेना. "सांगितलं असतं तर तुमी नाव काढलं असतं. अन् वहीत आकडा कमी पडला असता तर अप्पांचं तोंड एवढंसं व्हतंय."

त्या दुपारी मी तिची वही काढून बसले. शंभर, एकशे वीस, दीडशे, दोनशे. प्रत्येक पानावर खाली मल्लिनाथची सही, आणि त्याच्या खाली लाल पेनानं माझं अक्षर. शाब्बास. उत्तम. अशीच प्रगती ठेव. दोनशेच्या पानावर मी दोन रेघा ओढून लिहिलं होतं, इतरांनी आदर्श घ्यावा. मैदानावर ती किती टाकते ते मी मोजत होते. घरी किती टाकते ते बाप मोजत होता. दोन्हीची बेरीज आम्ही कुणीच केली नव्हती. नोकरीला लागताना प्रशिक्षणात हे शिकवलं होतं हो मला! ह्या वयात हाडाचं टोक अजून पक्कं झालेलं नसतं, पिचरला विश्रांती द्यायची असते, एवढेच चेंडू, एवढेच दिवस. सगळं पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी, मल्लिनाथ आणि शिवलीला जीपनं उमरग्याला हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फोटो काढला, उजेडाला धरून दाखवला. कोपराच्या टोकाशी हाड उचलल्यासारखं झालं होतं. "तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "लावला तर हा तुकडा सुटून येईल. मग हा हात सरळ होईल की नाही, मी सांगू शकत नाही."

मुरुमच्या स्टँडवर उतरल्यावर मल्लिनाथ म्हणाले, "मॅडम, जरा गिरणीवर येता का?" गिरणी बंद होती. त्यांनी पोत्यावर फडकं अंथरून मला बसवलं, स्वतः उभेच राहिले.

"खेळवू नका तिला," ते म्हणाले. "डाक्टर म्हणले तसंच करू. पर यादीत नाव ऱ्हाऊ द्या. बाकावर बसून ऱ्हाईल. ह्या वयोगटात तिचं ह्ये शेवटचं वर्ष हाय. टीम पहिल्या तिनात आली तर बसलेलीलाबी सर्टिफिकीट मिळतंय न्हवं?"

"मिळतंय."

"मग एवढं करा. म्या पाया पडतो तुमच्या."

मी उठून त्यांचे हात धरले. नाही म्हणायला पाहिजे होतं. सतरावी पोरगी तयार होती, धडधाकट होती, तिला घरी बसवावं लागणार होतं. पण मी विचार केला, ह्या हाताचे हे हाल करण्यात आपला निम्मा वाटा आहे, निदान कागद तरी मिळू दे पोरीला. मी नाव ठेवलं. त्या सतराव्या पोरीच्या आईनं मला जे शब्द ऐकवले ते इथं लिहीत नाही. तिचं चुकलं नव्हतं.

स्पर्धा चार दिवसांची. शिवलीला बाकावर, हाताला पट्टी. मी दर अर्ध्या तासाला तिच्याकडं बघायची, ती आहे ना जाग्यावर. दुसरी पिचर चांगली होती. तिच्या जोरावर आम्ही तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यापर्यंत आलो. हा सामना जिंकला तर सोळाजणींच्या प्रमाणपत्राला भरतीत किंमत, हरलो तर घरी लावायला कागद. हे पोरींना माहीत होतं आणि दोन जीप भरून आलेल्या आमच्या पालकांना तर पोरींपेक्षा जास्त माहीत होतं.

शेवटचा डाव. आमचा एक रन पुढं. समोरच्यांच्या दोघी बाद झालेल्या, एकच बाद करायची राहिलेली. आणि आमच्या पिचरच्या बोटाला फोड आला, फुटला, चेंडू सुटेना. मारण्याजोगे नसलेले चार चेंडू पडले की समोरचीला फुकट बेस द्यावा लागतो. तिनं एकीला दिला, दुसरीला दिला, तिसरीला दिला. तिन्ही बेस भरले. आता आणखी एकीला फुकट बेस गेला की बरोबरी, एक फटका बसला की खेळ खलास. पोरगी रडायला लागली. मैदानाच्या जाळीबाहेरून आमचे पालक ओरडायला लागले, "मॅडम, शिवलीलाला आणा! शिवलीलाला घाला!" आया पदर खोचून ओरडत होत्या. ज्यांच्या पोरींनी तिला माजोरी म्हणून नावं ठेवली होती ते जास्त ओरडत होते.

मी जाळीकडं बघितलं. मल्लिनाथ एकटेच ओरडत नव्हते. जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवून ते माझ्याकडं बघत होते.

अंपायर म्हणाला, "मॅडम, बदलायचंय का? लवकर सांगा."

मी वळले तर शिवलीला उभी होती. पट्टी काढून तिनं खिशात कोंबली होती, ग्लोव्ह चढवला होता.

"दुखत नाही ना?" मी विचारलं.

असं विचारतात का? "दुखतंय का" असं नाही विचारलं मी. तिला "न्हाय" एवढंच म्हणता यावं असं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली.

मी तिच्या हातात चेंडू दिला.

तिनं चार चेंडू टाकले. पहिला बाहेर गेला. दुसरा, तिसरा बरोबर. चौथा सानियाच्या ग्लोव्हमध्ये बसला तेव्हा बॅट हवेत होती. सामना जिंकला! पोरी धावल्या, त्यांनी शिवलीलाला उचललं, खांद्यावर घेतलं. ती ओरडली. आम्हाला वाटलं, आनंदानं ओरडली.

सानिया मला नंतर म्हणाली, "चौथ्या चेंडूला काडकन आवाज झाला, मॅडम, मला ऐकू आला." मी तिला म्हणाले, ग्लोव्हचा असेल. ती माझ्याकडं बघत राहिली.

तुकडा सुटला होता. सोलापूरला ऑपरेशन झालं, स्क्रू घातला. गावात पंधराजणींची मिरवणूक निघाली. मी त्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन दवाखान्यात गेले होते. वऱ्हांड्यात मल्लिनाथ बसले होते. शिव्या देतील म्हणून मी तयारी करून गेले होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, तुमी न्हाय म्हणचाल," ते म्हणाले. "तुमी न्हाय म्हणचाल म्हणून म्या गप ऱ्हायलो."

आणि सामन्यात मी त्यांच्याकडं बघितलं होतं ते ह्यासाठी, की बाप आहे, तो तरी नाही म्हणेल. हे मी त्यांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

वहीची पद्धत मी बंद केली. दुसऱ्या तालुक्यातल्या त्या सरांना फोन करून सांगितलं की तुम्हीही बंद करा. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं लई चांगला रिझल्ट यायलाय." मी भांडले, त्यांनी फोन ठेवला.

शिवलीलाचा उजवा हात कोपरात वाकलेलाच राहिला. लिहिता येतं, भाकरी थापता येते, पण ताठ होत नाही. ती बारावी झाली. मी निवृत्त झाले. पोलीस भरती निघाली, तिनं खेळाडूंच्या जागेतून अर्ज भरला. प्रमाणपत्र चोख, उंची भरपूर, पळण्यात तर पोरांना मागं टाकते. आणि तिसरी परीक्षा गोळाफेक. चार किलोचा लोखंडी गोळा.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी भरतीची पोरं-पोरी माझ्याच मैदानावर गोळा फेकायची, मीच त्यांना पाय कसा ठेवायचा ते दाखवायची. पण त्या दिवशी अंपायर "लवकर सांगा" म्हणाला तेव्हा मला सर्टिफिकीट दिसलं, गोळा दिसला नाही. ज्या नोकरीसाठी हात घालवला, त्याच नोकरीला तो हात लागतो. एवढी साधी गोष्ट गिरणीवाल्याला सुचली नाही म्हणू, पण मला?

मल्लिनाथ घरी आले. "मॅडम, डाव्या हाताचं काही हुईल का?" मी दुसऱ्या दिवसापासून मैदानावर जायला लागले. दोन महिने झाले. रोज सकाळी ती डाव्या हातानं गोळा फेकते, मी अंतर बघते, मल्लिनाथ गोळा उचलून आणून देतात. सुरुवातीला गोळा तिच्या पायापाशीच पडायचा. आता बऱ्यापैकी जातो. लागतो तितका नाही जात. आणि भरती तोंडावर आलीय. मला रात्रीची झोप नाही. तिचा हात चांगला चालला तरी भीती, नाही चालला तरी भीती.

परवाची गोष्ट. गोळा आदल्या दिवशीपेक्षा हातभर अलीकडं पडला. मल्लिनाथ म्हणाले, "कालच्यापेक्षा कमी पडायलाय, बाळ." मी म्हणाले, "खांदा ढिला सोड. अजून दहा फेक, म्हणजे येईल." माझ्या तोंडून हे कसं निघालं ते मला विचारू नका. निघालं खरं.

शिवलीलानं गोळा खाली ठेवला आणि वाकड्या हातानं डावा कोपर चोळला.

"दुखतंय का गं?" ह्या वेळी मी नीट विचारलं.

ती वडिलांकडं वळून म्हणाली, "अप्पा, तुमी गिरणीवर जावा. गिऱ्हाईक खोळंबलं आसंल."

"आगं, पर गोळा उचलून..."

"मी उचलते. जावा."

मल्लिनाथ माझ्याकडं बघत बघत गेले. मी पुढं झाले, तिचा कोपर बघावा म्हणून. तिनं हात मागं घेतला.

"मॅडम, तुमीबी जावा."

"अगं, मी कुठं तुला काही..."

"ऱ्हाऊ द्या. किती फेकायचे ते माझं मी बघते. दुखलं तर थांबते. न्हाय झाली भरती तर न्हाय झाली." आवाजात राग नव्हता, नाहीतर मी तिच्याशी भांडले असते. "जावा, मॅडम."

एकतीस वर्षांत मला कुणी मैदानाबाहेर काढलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि निघाले. फाटकाबाहेर मल्लिनाथ उभे होते, गिरणीवर गेलेच नव्हते. मीही उभी राहिले. दोघांची मैदानाकडं पाठ. आत काही आवाज येईना.

"फेकायली का, मॅडम?"

"मी नाही बघितलं."

"बघा की जरा."

"तुम्ही बघा."

मग दोघंही तसेच उभे राहिलो. कुणीच मान वळवली नाही.